सूर्य परमनंट, वारा कंत्राटी

"काही शंका असतील तर विचारा," असं मी प्रत्येक वाडीवर माहिती सांगून झाली की म्हणायचो, आणि प्रत्येक वाडीवर लोक गप्प बसायचे. करंजमाळवर मात्र मागून एक बाई उठल्या. काटक, सावळ्या, हनुवटीवर गोंदण. चाळिशीच्या असाव्यात. पदर खोचून त्यांनी विचारलं, "साहेब, यातलं पयलं काय मरतंय?"

पुरुष हसले. मी नाही हसलो, कारण तासभर मी फक्त काय काय चालेल तेच सांगत होतो. छपरावर सौर पॅनेल, माळाच्या टोकाला पवनचक्की, दोन्हींची वीज एका खोलीतल्या बॅटऱ्यांत साठणार आणि तिथून बत्तीस घरांना जाणार. उन्हाळ्यात ऊन भागवेल, पावसाळ्यात वारा. काय मरणार हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"बॅटऱ्या," मी म्हणालो.

"किती वर्सांनी?"

"पाच. नीट सांभाळल्या तर सहा."

"मग नव्या कोन देनार?"

"योजनेत आहे ते. येतील."

त्या खाली बसल्या. शुक्रवारी जन्मल्या म्हणून नाव सुकरी. प्लँट सांभाळायला माणूस निवडायची वेळ आली तेव्हा धर्माबाबा नावाच्या म्हाताऱ्यानं आपल्या मुलाचं, रमेशचं नाव पुढं केलं. रमेश दहावी झालेला होता. सुकरीबाईंना सही येत नव्हती. तरी मी त्यांचं नाव लिहिलं. धर्माबाबा माझ्यासमोरच थुंकला आणि उठून गेला. पुढं रमेश रोह्याजवळ वरसे गावात खोली घेऊन एका कंपनीत कंत्राटावर लागला, आणि म्हातारा सात वर्षं सुकरीबाईंशी बोलला नाही.

आमचं ऑफिस पेणला. मी राहणारा जोह्याचा, पण माझा निम्मा महिना रोहा तालुक्यातल्या वाड्यांवर जायचा. करंजमाळला जायचं म्हणजे हायवेवर खांब गावाशी गाडी आत घालायची, रस्ता संपला की ती लावायची, वहाळ ओलांडायचा आणि तासभर चढायचं. विजेची लाईन खालच्या गावात येऊन थांबली होती. वाडी कातकऱ्यांची. दिवाळी झाली की निम्मी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर घाटावर जायची आणि पावसाच्या तोंडाला परतायची. सुकरीबाई आणि त्यांचे यजमान लहू हेही जायचे. प्लँट आला त्या वर्षापासून लहू एकटे जाऊ लागले. बाई मागं राहिल्या.

आकडे त्या वस्तीशाळेत पोरांच्या शेजारी बसून शिकल्या. अक्षरं शिकायचा कंटाळा केला. "मिटरवर आकडेच येतात ना," म्हणायच्या. मी त्यांना एक रजिस्टर दिलं होतं. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ बॅटरीचा आकडा, आणि शेजारी चित्र. ऊन असेल तर गोल, वारा असेल तर तीन पाती, दोन्ही असेल तर दोन्ही. काहीच नसेल तर एक आडवी रेघ. ऑफिसात साहेब लोक ते रजिस्टर बघून हसायचे. पण आमच्या अकरा वाड्यांपैकी एवढं खरं रजिस्टर दुसरं नव्हतं. बाकीचे महिनाअखेरीला एकदम भरून काढायचे.

पॅनेलं त्या उजाडताच पुसायच्या, जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्यानं. तापलेल्या काचेवर पाणी पडलं तर तडा जाईल हे मी एकदाच सांगितलं होतं. बॅटऱ्यांत शुद्ध पाणी भरायला त्यांनी दवाखान्यातून सलाईनची नळी मागून आणली होती. नाकाला पदर बांधून, गुडघ्यावर बसून, एकेका बॅटरीत थेंब थेंब सोडायच्या. त्यांच्या प्रत्येक लुगड्याला ॲसिडची बारीक बारीक भोकं होती. पवनचक्कीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि नुसता आवाज ऐकायच्या. एकदा मला फोन करून म्हणाल्या, "साहेब, तिच्या घशात कायतरी आडकलाय." मी वर गेलो तेव्हा बेअरिंग खरंच कोरडं पडलं होतं.

वाडीतल्या बायका विचारायच्या, "सुकरी, आज लाईट पुरंल का गो?" तेव्हा त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "सूर्य परमनंट हाय, वारा कंत्राटी. परमनंट सुट्टीवर गेला तरी त्याचा भरोसा हाय, उद्या येनार. कंत्राटी कवा येल, कवा जाईल, कोन सांगनार?" लहूंनी काही वर्षं कंपनीत कंत्राटी काम केलं होतं. गेटवर सकाळी उभं राहायचं, बोलावलं तर आत, नाहीतर घरी. त्यातून हे आलं होतं. पण वाऱ्यावर त्यांचा राग नव्हता. पावसात चार चार दिवस ऊन नसताना पाती गरगरत असायची तेव्हा त्या म्हणायच्या, "कामाला आला म्हंजे कंत्राटीच जास्त राबतो."

कुणी "फुकटची लाईट" म्हटलेलं त्यांना चालत नसे.

उद्घाटनाचा दिवस मला नीट आठवतो. पाहुणे येणार होते, फोटोग्राफर येणार होता. आदल्या दोन दिवसांत आम्ही चाचण्या घेऊन बॅटऱ्या पार उतरवून ठेवल्या होत्या, त्यात आभाळ भरलेलं आणि वारा मेलेला. बॅटरीची पातळी फार खाली गेली की यंत्र आपोआप पुरवठा तोडतं, लाल दिवा लागतो. त्या पातळीखाली वीज ओढत राहिलं तर बॅटऱ्या कायमच्या मरतात, म्हणून ती सोय असते. नेमका पाहुणे चढण चढत असताना लाल दिवा लागला. वरिष्ठ माझ्याकडे बघू लागले. मी तारेचा एक तुकडा घेतला, यंत्राला वळसा देऊन दोन टोकं जोडली आणि दहा मिनिटांपुरते दिवे लावून दिले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. सुकरीबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पाहुणे गेल्यावर मी तार काढली आणि म्हणालो, "हे तुम्ही कधीही करायचं नाही."

"तुमी केलात."

"फोटोपुरतं केलं."

त्यांनी तो तारेचा तुकडा उचलून खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला. फेकून देण्यासारखी वस्तूही त्या फेकत नसत.

लाल दिव्याच्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. दिवा लागायच्या कितीतरी आधी त्या स्वतःच मेन स्विच खाली ओढायच्या. त्यांच्या सख्ख्या भावाच्या मुलीची हळद होती. भावानं खांबवरून मोठे स्पीकर भाड्यानं आणले, चार माणसांनी ते डोक्यावरून वाडीत चढवले. बाई भावाला म्हणाल्या, "ऊन हाय तवर वाजव. मावळतीला बंद." भावाला वाटलं, बहीण आहे, बोलते आहे. ऊन उतरलं तशी त्यांनी लाईन तोडली. गाणं अर्ध्यात थांबलं, नाचणारे हात वर करून तसेच उभे. भाऊ तावातावानं प्लँटच्या खोलीवर आला.

"माज्या पोरीची हळद हाय गो."

"व्हय. आनि रातच्याला तिच्या अंगाला हळद लावतील तवा घरात उजेड पायजे. तो मी ठेवलाय."

भाऊ वर्षभर बोलला नाही. बाईंनी त्याच्याही घराच्या वायरी दर महिन्याला तपासल्या.

सहावं वर्ष सरलं तशा बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. पूर्वी दोन दिवस पुरायची ती वीज एका दिवसात संपू लागली. रजिस्टरमधले आकडे उतरत चाललेले मला दिसत होते. मी नव्या बॅटऱ्यांची मागणी केली. उत्तर आलं की फाईल वर गेली आहे. तोवर ती योजनाच बंद झाली होती आणि दुसरी सुरू झाली होती, आणि दुसरीत जुन्या प्लँटच्या बॅटऱ्या बसत नव्हत्या. हे मला कळायला सहा महिने लागले. बाईंना सांगायला त्याहून जास्त. त्या भेटल्या की विचारायच्या, "बॅटऱ्या?" मी म्हणायचो, "फाईल वर आहे." वाडीवरची घरं त्यांनी दोन दिव्यांवरून एका दिव्यावर आणली. लोक कुरकुरले, पण ऐकलं.

त्या सातव्या वर्षीच्या पावसाळ्यात धर्माबाबाचं दुखणं वाढलं. जन्मभर कोळशाच्या भट्टीचा धूर छातीत गेलेला. चार पावलं चालला की ओठ निळे पडायचे. रोह्याच्या दवाखान्यात सांगितलं की ऑक्सिजन लागणार, रोज, जवळजवळ दिवसभर. रमेशनं कुठून तरी ऑक्सिजन बनवणारं मशीन मिळवलं. त्यानं बापाला वरशाला न्यायचा प्रयत्न केला. म्हातारा त्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन दिवस राहिला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, मला माळावर ने. तसं डोलीत घालून त्याला आणलं, आणि मागोमाग मशीन.

रमेश प्लँटच्या दारात उभा राहिला. मी त्या दिवशी तिथं होतो. मशीन त्यानं उंबऱ्यावर ठेवलं. बाईंनी मशीनच्या मागचा आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. बत्तीस घरांचे दिवे एकत्र केले तरी त्याहून जास्त वीज ते एक मशीन दिवसभरात खाणार होतं.

"पुरेल का?" मी विचारलं.

"वारा हाय तवर पुरंल." मग रमेशला म्हणाल्या, "जा, बापाला सांग, मशीन लावते म्हनून."

घराघरांत जाऊन त्यांनी सांगितलं की दिवे बंद, मोबाईल चार्जिंगही दिवसाआड. पहिला आठवडा लोक माणुसकीनं वागले. दुसऱ्या आठवड्यात बायका बोलू लागल्या. धर्माबाबा नळी नाकात घालून ओटीवर बसायचा. सुकरीबाई वायर तपासायला गेल्या की मान वळवायचा. एकदा मात्र तो म्हणाला, "तुजा उपकार घेतोय असा समजू नको." बाई म्हणाल्या, "वाऱ्याचा घेतोस. मी नुसती बटन दाबते." सात वर्षांत दोघांचं एवढंच बोलणं.

भाद्रपदात वारा पडला. आमच्या या दुहेरी प्लँटचा दुबळा काळ तोच. पावसाळी वारा सरलेला असतो आणि ऊन अजून आलेलं नसतं. एरवी दोन-चार दिवस निभावतात. त्या वर्षी मात्र पावसानं पाठ धरली. तिरका नाही, सरळ उभा पाऊस, पान हलेना. वहाळ भरून वाहू लागला आणि वाडी तुटली. रमेश खालच्या गावात अडकला. ठाण मांडून बसलेल्या त्या आभाळाखाली बाईंनी दोन दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. मी पेणला ऑफिसात होतो. वाडीवर रेंज फक्त एका खडकावर मिळते. त्या तिथं पावसात उभ्या असणार, कारण आवाजापेक्षा पाऊसच जास्त ऐकू येत होता.

"साहेब, लाल लागला."

"मशीन बंद पडलं?"

"व्हय. बाबाला सिलिंडर लावलाय. रमेशनी ठेवलेला. दोन तासाचा हाय."

"वारा?"

"चुलीचा धूर सरळ वर जातोय."

"वहाळातून काढता येईल त्याला?"

"पानी माज्या गळ्याला हाय. डोली कशी नेनार?"

मग त्या म्हणाल्या, "ती तार लावू का?"

कुठली तार ते विचारायची गरज नव्हती. "बाई, बॅटऱ्या जातील," मी म्हणालो. "कायमच्या. नव्या मिळतील असं नाही."

"ते म्हाईत हाय. ते नाय विचारत. लावू का, ते सांगा. तुमी साहेब हाव."

माझ्या समोरच्या टेबलावर वरिष्ठ बसले होते. त्यांना ऐकू जात नव्हतं, तरी मी आवाज खाली केला. "मी असं काही सांगू शकत नाही, बाई."

"बरा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी तार लावली. बॅटऱ्यांमध्ये उरलंसुरलं होतं ते, आणि ढगांतून पॅनेलवर जे काही झिरपत होतं ते, सगळं त्या मशीनला दिलं. मशीन सलग चालवलं नाही. सिलिंडर आणि मशीन आळीपाळीनं, म्हाताऱ्याच्या ओठांचा रंग बघून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी हे पुरवलं. मग पाऊस थांबला, पाणी कमरेवर आलं आणि आठ माणसांनी धर्माबाबाला डोलीतून पलीकडे नेलं. रमेश काठावर उभा होता. म्हातारा रोह्याच्या दवाखान्यात चार दिवस जगला. बोलला, मुलाच्या हातून चहा प्यायला, आणि गेला.

बॅटऱ्याही गेल्या. चोवीसच्या चोवीस.

चौकशीला आम्ही तिघं वर गेलो. वरिष्ठ इंजिनियरांनी रजिस्टर मागितलं आणि बाईंनी ते दिलं. त्या दोन दिवसांच्या पानावर दर तासाचा आकडा होता, उतरत गेलेला. प्रत्येक आकड्यापुढं आडवी रेघ. ऊन नाही, वारा नाही. आणि एका आकड्यापुढं त्यांनी वाकडी रेघ काढली होती, दोन्ही टोकांना ठिपके.

"हे काय?" इंजिनियर म्हणाले.

"तार. तवा मी तार लावली."

त्यांनी ते पान कोरं ठेवलं असतं, किंवा नेहमीसारखे आकडे लिहिले असते, तर बॅटऱ्या वयानं मेल्या असं म्हणायला जागा होती. तशा त्या वयानं मरतच होत्या. अहवालात आलं की ऑपरेटरने संरक्षक यंत्रणा जाणूनबुजून निकामी केली, सबब नवीन बॅटऱ्या देता येत नाहीत. खाली तीन सह्या, तिसरी माझी. फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उद्घाटनाचा फोटो तेव्हाही ऑफिसच्या भिंतीवर होता.

वाडीची बैठक झाली. एका म्हाताऱ्यापायी बत्तीस घरं अंधारात घातली, असं लोक म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्यानं त्यांचा भाऊ म्हणाला. रमेश उठला. "माज्या बापासाठी केलानी," एवढंच म्हणाला. कुणीतरी मागून बोललं, "तुला काय, तू वरशाला लाईटीत राहतोस." तो खाली बसला. सुकरीबाई उठून पुढं आल्या. त्यांनी खोलीची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि घरी गेल्या. हे मला नंतर वस्तीशाळेच्या मास्तरांनी सांगितलं. मी त्यानंतर वाडीवर गेलो नाही. कामच उरलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो.

दिवाळीनंतर कोलाडहून पेणला येत होतो. खांबला हायवेच्या कडेला माणसं बसली होती, बोचकी, पातेली, टोपलीत कोंबड्या. भट्टीवर जाणारी. मी गाडी हळू केली आणि सुकरीबाईंनी मला आधी बघितलं. लहू पलीकडे बोचकी बांधत होते. त्यांनी मान हलवली आणि परत कामाला लागले.

मी गाडी उभी करून जवळ गेलो. "निघालात?" म्हणालो.

"व्हय. सात वर्सांनी. आता आंगाला सवय ऱ्हायली नाय." मग म्हणाल्या, "रमेशचा बाप पोराला भेटला ना शेवटी? बोलला ना?"

"बोलला. चार दिवस."

त्यांनी मान डोलावली. "कागद मास्तरनी वाचून दाखवला मला. तुमची सही हाय ना खाली?"

"हो."

"त्यात फोनचा नव्हता."

"नाही."

"मी बी कुनाला सांगितला नाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथं उभं राहणं सोपं गेलं असतं.

तेवढ्यात ट्रक आला. माणसं उठली. मुकादम नावं घेऊ लागला. बाईंनी बोचकं उचललं आणि चालता चालता माझ्याकडे वळल्या.

"पवनचक्कीचा खांब चार बाजूंनी तारांनी ताणलेला हाय ना, त्यातला उगवतीकडचा ताण सुटत आलाय. खाली पोरं खेळतात. खांब पडंल."

"पाठवतो कुणाला तरी."

"पाठवू नका," त्या म्हणाल्या. "तुमी जावा."

लहूंनी वरून हात दिला. त्यांनी चाकावर पाय ठेवला, फळीला धरून स्वतःला वर ओढलं आणि गर्दीत शिरल्या. ट्रक हलला तेव्हा मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. फिकट हिरव्या लुगड्याला खांद्यावर बारीक भोकं पडलेली, त्यातून आतल्या चोळीचा लाल रंग दिसत होता. त्या मागं वळल्या नाहीत. ट्रक वळणापलीकडे गेला. माझ्या गाडीला पाने-पक्कडींची पिशवी बांधलेली होती. मी पेणचा रस्ता सोडला आणि वाडीकडे निघालो.